अंदाजपत्रकांतली शेतकऱ्याची पाटी

तालुक्याच्या गांवीं ज्या दिवशीं नगरपंचायतीचें अंदाजपत्रक मंजूर होतें, त्या दिवशीं आसपासच्या खेड्यांतला शेतकरी कोठें असतो? बहुतेक तो आपल्या शेतांत असतो. आणि तो बाजारचा दिवस असला, तर त्याच गांवांत, सभागृहापासून चारदोनशें पावलांवर, मेथीच्या जुड्या पुढें मांडून बसलेला असतो. आंत जी चर्चा चालली आहे तींत आपल्या पाटींतला पैसाहि आहे, हें त्यास ठाऊक नसतें. आंत बसलेल्या मंडळींसहि तें नेहमीं ठाऊक असतें, असें आम्हांस वाटत नाहीं. शेतीच्या मासिकांत बियाणें, खतें, कीड यांविषयीं लिहावयाचें सोडून नगरपंचायतीचा जमाखर्च कशास, असें कोणी विचारील, तर त्यास उत्तर एवढेंच कीं, जो माल पिकवितो त्यास तो विकावाहि लागतो, आणि विकण्याची जागा बहुधा दुसऱ्याच्या हिशेबांत असते.

आम्हीं महसूल खात्यांत उभी नोकरी केली व अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालों. शिक्षण बेताचेंच, जें कांहीं कळतें तें दप्तर वाचून कळलेलें आहे. या नोकरीनें आम्हांस एक खोड मात्र लागली. कोणताहि वर्षाचा आंकडा समोर आला कीं त्यास बारांनीं नाहीं तर बावन्नांनीं भागून पाहावें, म्हणजे तो आंकडा खरोखर काय म्हणतो तें कळतें. या खोडीमुळेंच पुढील हकीकत घडली.

गेल्या श्रावणांत आमचे धाकटे बंधु तापानें अंथरुणास खिळले. जमीन तेच पाहतात. वांगीं तोडून ठेवलेलीं, मिरचीहि निघालेली; तेव्हां बाजार आम्हींच केला. नोकरींत असतां याच बाजारांतून शेंकडों वेळां पिशवी घेऊन हिंडलों होतों, पण पाटीच्या या बाजूस बसण्याचा प्रसंग बहुतेक पहिलाच. दहा वाजण्याच्या सुमारास मक्तेदाराचा माणूस आला. त्यानें आम्हांस ओळखलें. “भाऊसाहेब, तीस द्या,” म्हणाला. आम्हीं तीस दिले व पावती मागितली. त्यानें फाडून दिली ती दहा रुपयांची. बाकीचे वीस कशाचे, म्हणून विचारलें, तर “ते झाडलोटीचे” असें उत्तर मिळालें. जेथें आम्ही बसलों होतों तेथें गेल्या बाजारचीं कोबीचीं पानें कुजून पडलेलीं होतीं, तीं आम्हीं त्यास दाखविलीं. तेवढ्यांत शेजारीं बसलेल्या मावशी हलक्या आवाजांत म्हणाल्या, “राहूं द्या भाऊसाहेब. तुम्ही आजच्या दिवस आलांत. पुढच्या बाजारीं आमचीच जागा नाल्याच्या कडेला जाईल.” आम्ही गप्प बसलों. पावती मात्र खिशांत जपून ठेविली.

आतां हा बाजार कोणाचा, तें सांगितलें पाहिजे. आमच्या गांवीं पूर्वीं ग्रामपंचायत होती. २०१४ नंतर राज्यांतील तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, त्यांत आमचीहि झाली, आणि ती १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमाखालीं आली. सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक, वर मुख्याधिकारी. गांवास यामुळें निधि अधिक मिळूं लागला, रस्ते झाले, दिवे लागले, हें खरें आहे व तें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु एक वस्तु त्या दिवशीं गेली, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामपंचायतींत साधा मतदार उभा राहून “हा खर्च कशाचा?” असें सरपंचास तोंडावर विचारूं शकतो. नगरपंचायतीच्या सभेस लोक हजर राहूं शकतात, पण तें ऐकण्यापुरतें. राज्यघटनेनें प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लक्ष व त्यांहून अधिक वस्तीच्या शहरांस. आमच्यासारख्या गांवाचा तेथें प्रश्नच नाहीं.

शिवाय बाजारांत बसणारांपैकीं निम्म्याहून अधिक लोक गांवचे नव्हेतच. ते भोंवतालच्या वीसपंचवीस खेड्यांतून येतात. त्यांचीं मतें त्यांच्या त्यांच्या ग्रामपंचायतींत. म्हणजे नगरपंचायतीच्या तिजोरींत ते दर आठवड्यास पैसा घालतात, आणि तिच्या एकाहि नगरसेवकास त्यांच्यापुढें पांच वर्षांत एकदांहि हात जोडावे लागत नाहींत. ज्याचें मत नाहीं त्याची पट्टी वाढविणें फार सोपें असतें. हें कोणा एका गांवच्या मंडळींच्या दुष्टपणानें होतें असें नाहीं. मांडणीच तशी आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस अंदाजपत्रकाची विशेष सभा भरली, तिला आम्ही जाऊन बसलों. मागें भिंतीशीं चार खुर्च्या होत्या. त्यांपैकीं तीन रिकाम्या राहिल्या. लेखापालांनीं अंदाजपत्रक वाचलें तें घाईनें, कारण छापील प्रत प्रत्येकासमोर होतीच. अंदाजपत्रक शिलकी होतें. आम्हीं आजवर तुटीचें अंदाजपत्रक सादर झाल्याचें क्वचितच ऐकिलें आहे. जमेच्या बाजूस अनुदानें अजमासानें मोठीं धरलीं कीं शिल्लक आपोआप निघते. म्हणून ज्या कोणास असा कागद हातीं येईल त्यानें पुढील वर्षाचा रकाना शेवटीं वाचावा. आधीं मागील वर्षाचा प्रत्यक्ष जमाखर्च पाहावा, मग चालू वर्षाचा सुधारलेला अंदाज पाहावा. एखादें कलम तीन वर्षें अंदाजांत मोठें आणि प्रत्यक्षांत शून्य दिसलें, तर तें कलम नव्हे, तें आश्वासन आहे. आमच्या गांवच्या अंदाजपत्रकांत “बाजार ओटे व स्त्रियांसाठीं स्वच्छतागृह” हें असेंच एक कलम आम्हांस सांपडलें.

सभा अडीच तास चालली. त्यांतला पाऊण तास प्रवेशद्वाराच्या कमानीस काय नांव द्यावें यांत गेला. अर्धा तास कचरागाड्यांवर. पाणीपुरवठ्यावर चांगली चर्चा झाली, तींत दोन तरुण नगरसेवकांनीं जलवाहिनीच्या गळतीविषयीं नेमके प्रश्न विचारले; आम्हांस तें ऐकून समाधान वाटलें. आठवडे बाजाराच्या मक्त्यास मात्र दीड मिनिट लागलें. लेखापाल म्हणाले कीं, बाजार बैठकीचा लिलाव गतवर्षापेक्षां चांगल्या बोलीस गेला असून उत्पन्न वाढलें आहे. सदस्यांनीं बाकें वाजविलीं. एक नगरसेविका, ज्यांच्या घरीं भाजीपाल्याची शेती आहे, त्या उठून म्हणाल्या कीं बाजारांत दिवसभर बसणाऱ्या बायकांनीं जावें कोठें, याचा कोणी विचार केला आहे काय? पुढील वर्षीं तरतूद करूं, असें उत्तर आलें. तरतूद याच वर्षीं कागदावर होती, हें उत्तर देणारासहि ठाऊक नव्हतें.

ज्या आंकड्यावर बाकें वाजलीं तो आम्हीं घरीं येऊन बावन्नांनीं भागिला. खरे आंकडे येथें देण्याचें प्रयोजन नाहीं; हिशेब ध्यानांत यावा म्हणून गोल आंकडे घेतों, प्रमाण मात्र तेंच आहे. समजा, मक्ता ५,२०,००० रुपयांस गेला. वर्षाचे बाजार ५२. म्हणजे दर बाजारीं नगरपंचायतीस १०,००० रुपये गेले पाहिजेत. आम्हीं दोन बाजार कडेकडेनें हिंडून बसणारे मोजले. समजा ते ४०० भरले. मंजूर दर दर बैठकीस १० रुपये. म्हणजे दरानें वसुली झाली तर ४,००० रुपये होतात. मग उरलेले ६,००० रुपये, शिवाय वसुली करणाऱ्या माणसांची मजुरी आणि मक्तेदाराचा नफा, हें सर्व कोठून येतें? प्रत्येकीकडून ३० घेतले तर १२,००० होतात. त्यांतले दहा नगरपंचायतीचे, दोन मक्तेदाराचे. हिशेब तंतोतंत बसतो. तो मनुष्य फार मोठी लूट करून माड्या बांधतो आहे, असें यावरून दिसत नाहीं. बोली लावतांनाच त्यानें आपल्या पाट्या मोजल्या होत्या. मोजल्या नाहींत त्या सभागृहानें.

किमान बोली ठरते ती मागच्या मक्त्यावरून. मागचा मक्ता अमुक, म्हणून यंदाचा त्याहून थोडा अधिक. पुढच्या वर्षीं त्याहूनहि अधिक. बाजारांत बसणारे वाढले किंवा घटले, दर बदलला किंवा तसाच राहिला, याची चौकशी त्या कागदांत कोठेंहि नसते. महसुलांत आम्ही जमीन पाहिल्यावांचून आकार बसवीत नसूं. येथें बाजार न पाहतां बाजाराचा आकार बसतो.

हें असें कां होतें, याचें मूळ शोधूं गेल्यास तें थोडें खोल आहे. पूर्वीं नगरपालिकांस जकातीचें उत्पन्न असे. १९९९ मध्यें नगरपरिषदांची जकात बंद झाली व तिच्याऐवजीं सरकारचें सहाय्यक अनुदान आलें. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवाकर आला. म्हणजे गांवच्या व्यापारावरील कराचे मोठे झरे एकामागून एक वर गेले आणि गांवाकडे परत येतें तें वरून ठरून येतें. घरपट्टी वाढविली तर मतदार रागावतो. मग हातांत उरतें तें किरकोळ: गाळ्यांचें भाडें, परवाने, बाजार बैठक. या किरकोळांतलीं पहिलीं दोन कलमें मतदारांच्या खिशांतून जातात. तिसरें बहुतांशीं परगांवच्यांच्या. तेव्हां कोणतें वाढेल तें सांगावयास नको.

वरून येणारा पैसाहि बांधलेला येतो. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१-२६ या पांच वर्षांसाठीं लहान शहरांस जीं अनुदानें ठरविलीं, त्यांतला साठ टक्के भाग बंधित होता. त्याचा निम्मा पिण्याच्या पाण्यासाठीं व निम्मा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठीं. उद्देश उत्तम होता. गांवें खरोखर स्वच्छ झालीं आहेत. परंतु याचा एक परिणाम असा कीं, कचऱ्याचें यंत्र घ्यावयास पैसा तयार असतो आणि बाजारांत चार ओटे बांधावयास नसतो. मग खरेदी गरजेच्या मागून न जातां निधीच्या मागून जाते.

खरेदीविषयीं आम्हांस थोडा अनुभव आहे. एका कचेरींत आम्ही असतां मार्चच्या अठ्ठाविसाव्या दिवशीं अठरा लोखंडी कपाटें आलीं. निधि परत जाऊं नये म्हणून मागविलेलीं. ठेवावयास जागा नव्हती. दोन वर्षें तीं व्हरांड्यांत एकमेकांस पाठ लावून उभीं होतीं आणि त्यांत कबुतरांनीं घरें केलीं. कागद मात्र चोख होते: तीन दरपत्रकें, तुलनात्मक तक्ता, मंजुरी, पावती, सर्व कांहीं. पुढें नियम पुष्कळ सुधारले. केंद्र सरकारनें २०१६ मध्यें जेम ही सरकारी खरेदीची ऑनलाइन पेठ काढिली. त्याच वर्षीं १ डिसेंबरच्या शासन निर्णयानें राज्यानेंहि आपल्या खरेदीची कार्यपद्धति ठरवून दिली. ई-निविदेमुळें गांवच्या गांवांत वांटणी करून घेण्यास आळा बसला, हें आम्ही मोकळेपणीं कबूल करतों. पण कोणत्याहि नियमास एक गोष्ट विचारतां येत नाहीं, ती म्हणजे ही वस्तु हवी होती काय? किंमत रास्त आहे कीं नाहीं एवढेंच नियम पाहतो.

आमच्या नगरपंचायतीनें ओला कचरा बारीक करण्याचें यंत्र घेतलें. यंत्र चांगलें आहे, किंमतहि वाजवी असावी. परंतु तें चालविण्यास तीन फेजची वीज लागते आणि कचरा डेपोवर ती जोडणी नव्हती. जोडणीचा खर्च निविदेंत नव्हता, चालविणाऱ्याचा पगार पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकांत नव्हता. यंत्र कित्येक महिने ताडपत्रीखालीं होतें. याचा शेतकऱ्याशीं संबंध नाहीं असें कोणी समजूं नये. शहरी ओल्या कचऱ्याचें खत तपासून घेऊन “हरित महा सिटी कंपोस्ट” या नांवानें विकण्याची योजना राज्यानें आखिली आहे. शेणखत दुर्मिळ झालेल्या आमच्या भागांत तें खत गांवाजवळ, वाहतुकीच्या थोड्या खर्चांत मिळालें असतें, तर ज्या बाजारांतून कोबीचीं पानें निघतात त्याच बाजारास आलेल्या रिकाम्या टेंपोंतून तें शेतांत परत गेलें असतें. सभेंत यंत्राच्या किंमतीवर अर्धा तास बोलणें झालें होतें. त्याचें खत कोण घेणार, हा प्रश्न कोणीच काढला नाहीं. काढणारा शेतकरी तेथें नव्हता.

नगरपालिकेच्या सभेंत शेतकऱ्याच्या बाजूनें बोलणारा मनुष्य बसला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. महात्मा जोतीराव फुले हे १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणें नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हां त्यास विरोध करणारे ते एकटे निघाले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें नव्या मंडईचा प्रश्न आला, तीवर होणाऱ्या मोठ्या खर्चासहि त्यांनीं विरोध केला. तोंवर भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणांत भरत असे. मंडई झाली, १८८६ मध्यें ती रे मार्केट या नांवानें उघडली, आणि आज तिला नांव आहे तें महात्मा फुले मंडई. ज्यांनीं विरोध केला त्यांचेंच नांव. मंडई बांधली हें चुकलें, असें आज कोणी म्हणणार नाहीं, आम्हीहि म्हणत नाहीं. ती इमारत अजून उपयोगांत आहे. परंतु शेतकऱ्याच्या नांवानें इमारत बांधतांना तिचें ओझें कोणाच्या डोक्यावर पडणार, हा प्रश्न विचारणारा एक तरी मनुष्य तेव्हां सभेंत होता. १८८३ मध्यें “शेतकऱ्याचा असूड” लिहून पुरा करणाऱ्यास हा प्रश्न सुचला, यांत नवल नाहीं.

गांवची भरभराट करावयाची म्हणून आतां सर्वत्र व्यापारी संकुलें बांधण्याची चाल पडली आहे. आमच्या येथेंहि बसस्थानकासमोर दुमजली संकुल आहे. खालचे गाळे गेले, वरचे रिकामे. अनामत रक्कम इतकी कीं भाजीवाल्यास, चांभारास किंवा अवजारें दुरुस्त करणाऱ्या लोहारास ती झेपत नाहीं. आम्हांस यावरून बेळगांवची गोष्ट आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करण्याचा लहानसा कारखाना प्रथम बेळगांवीं होता. नव्या वसाहतीसाठीं तेथील नगरपालिकेस ती जागा हवी झाली व कारखाना हलवावा लागला. औंधच्या अधिपतींनीं आपल्या संस्थानांत कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, वर कर्जहि दिलें. १९१० मध्यें तेथें किर्लोस्करवाडी वसली आणि तिचे नांगर सर्व दक्षिणेंत गेले. नगरपालिकेनें केलें तें बेकायदेशीर नव्हतें. वसाहतहि लोकांसाठींच होती. पण लहान कारागिराची शेड कागदावर नुसती अडचण म्हणून दिसते, आणि तिच्यांतून उद्यां काय निघेल तें कोणत्याहि रकान्यांत लिहितां येत नाहीं.

आमच्या गांवची भरभराट आठवड्याच्या एका दिवशीं होते. त्या दिवशीं दवाखाने भरतात, कापडवाल्याची विक्री होते, हॉटेलांत भजीं तळलीं जातात, औषधाच्या व खताच्या दुकानांची उधारी वसूल होते. हें सर्व पाट्या घेऊन येणारांच्या पायांनीं येतें. राज्य सरकारनें २०१६ मध्यें संत शिरोमणी सावता माळी यांच्या नांवानें शेतकरी आठवडे बाजाराची मोहीम काढिली, शेतकऱ्यानें थेट गिऱ्हाइकास विकावें म्हणून. आमच्या गांवीं असा बाजार कित्येक पिढ्या आपोआप भरतच आहे. त्यास हवे आहेत ते चार ओटे, एक नळ, दोन दिवे, बायकांसाठीं आडोसा, आणि खरी पावती.

तेव्हां आम्हीं काय केलें तें सांगतों. माहिती अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणें दहा रुपयांचा स्टँप लावून अर्ज केला व मक्त्याच्या करारनाम्याची आणि मंजूर दरपत्रकाची प्रत मागितली. दर पानास दोन रुपये भरून तीस दिवसांच्या आंत प्रत मिळाली. करारनामा वाचून आम्ही थक्क झालों. तो फार चांगला होता. मक्तेदारानें बाजाराच्या तोंडाशीं दरफलक लावावा, प्रत्येकास छापील पावती द्यावी, मंजूर दराहून अधिक घेतल्यास दंड, आणि फिरून तीच तक्रार आल्यास मक्ता रद्द, हें सर्व त्यांत लिहिलेलें होतें. गांवांत तो कोणी वाचला नव्हता एवढेंच.

तो कागद, आमची दहाची पावती आणि वरील भागाकार घेऊन आम्ही व आमच्या संघाचे चार सभासद लेखापालांकडे गेलों. गृहस्थ सरळ आहेत. त्यांनीं भागाकार दोनदां करून पाहिला. मग म्हणाले, “भाऊसाहेब, तुमचें खरें आहे. पण दहानेंच वसूल केलें तर माझी जमा निम्म्याहून खालीं येते. रस्त्यावरच्या दिव्यांचें बिल मी कशांतून देऊं?” हें उत्तर टाळाटाळीचें नव्हतें. त्या दिव्यांखालूनच आमचे लोक पहांटे माल घेऊन गांवांत शिरतात.

याविषयीं आमचें मत कांहीं वाचकांस रुचणार नाहीं, तरी लिहितों. दहाचा दर खोटा आहे. बाजार झाडावयाचा, पाणी द्यावयाचें, दिवे लावावयाचे, तर दहांत भागणार नाहीं. सभेनें उघड ठराव करून दर पंधरा किंवा वीस करावा, फलकावर लिहावा, तेवढ्याचीच पावती द्यावी आणि त्या उत्पन्नांतला ठरलेला हिस्सा बाजारावरच खर्च व्हावा, असें आम्ही सुचविलें. कागदावर दहा आणि हातांत तीस, यापेक्षां कागदावर वीस आणि हातांतहि वीस, हें आम्हांस पत्करतें. आमच्या बरोबरचे एक सभासद यावर तेथेंच रागावले. दर वाढवा असें शेतकऱ्यांच्या संघानेंच म्हणावें काय, म्हणून. त्यांचा राग अजून पुरता गेलेला नाहीं.

दुसरी एक सूचना संघाच्या बैठकींत निघाली, कीं आपणच मक्ता घ्यावा. प्रथम आम्हांस ती फार आवडली. मग आम्हीं पुन्हां भागाकार केला. ती बोली लावली तर आपल्यालाहि तीसच घ्यावे लागतात, आणि मग त्या मावशींस आपल्याच संघाचा माणूस नाल्याच्या कडेस बसवील. बोलीचा पाया सुधारल्यावांचून मक्तेदार बदलून कांहीं साधत नाहीं, असें ठरून ती सूचना मागें पडली.

अर्ज सभेपुढें गेला. चर्चा वीस मिनिटें झाली, म्हणजे मागच्या वेळेच्या तेरापट. वर उल्लेख केलेल्या नगरसेविका चांगल्या बोलल्या. एका सदस्यांचें म्हणणें पडलें कीं, परगांवच्या लोकांसाठीं गांवानें आपलें उत्पन्न कां सोडावें. त्यांस दुसऱ्यानें विचारलें कीं, परगांवचे लोक आले नाहींत तर तुमच्या दुकानांत गुरुवारीं कोण येईल? यावर हंशा झाला, पण प्रश्न लागला. शेवटीं ठरलें तें असें: दरफलक ताबडतोब लावावा, पावतीवांचून वसुली करूं नये, आणि पुढील लिलावाची किमान बोली ठरविण्यापूर्वीं नगरपंचायतीच्या दोन कर्मचाऱ्यांनीं लागोपाठ चार बाजार बसणारांची प्रत्यक्ष मोजणी करावी. दर किती असावा, हें मोजणी झाल्यावर ठरावयाचें आहे. ओट्यांचें कलम पुन्हां पुढील वर्षांत गेलें.

फलक लागला. बाजाराच्या तोंडाशींच आहे, परंतु त्याच्यापुढें उसाच्या रसाची गाडी उभी राहते, त्यामुळें “बैठक दर” हीं दोनच अक्षरें दिसतात व खालचा आंकडा झांकला जातो. गाडीवाल्यास विनंती केली, तो दोन हात सरकला. मावशींकडे आम्ही गेल्या बाजारीं मुद्दाम चौकशी केली. वीस घेतात, पावती दहाची देतात, असें म्हणाल्या. आणि पावतीवर काय लिहिलें आहे तें आमच्याकडून वाचून घेतलें. ती पावती आम्हीं त्यांच्याकडून मागून घेऊन लेखापालांकडे दिली आहे, जागा कोणाची तें न सांगतां.

मोजणीचे दोन बाजार झाले. तिसऱ्या बाजारीं पाऊस आला. चौथ्या गुरुवारीं कर्मचाऱ्यांबरोबर आमच्या संघाचे दोन तरुण वही घेऊन हिंडणार आहेत. ज्यांस आपली पाटी मोजली जावी असें वाटतें त्यांनीं त्या दिवशीं नऊच्या आंत जागेवर बसावें, कारण उशिरां येणारे मागच्या दोन्ही वेळीं मोजणींतून सुटले.